दुसरा हात

दाढी करताना दुसरा हात काय करतो, याकडे मी वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत कधी लक्षच दिलं नव्हतं. रेझर उजव्या हातात, त्यामुळे सगळं लक्ष उजव्या हाताकडे. डावा मात्र क्षणभरही रिकामा नसतो. कल्ल्यापाशी तो कातडी वर ओढून धरतो, मिशीच्या जागेसाठी नाकाचा शेंडा उचलतो, कंठमण्याजवळची कातडी बाजूला सरकवतो, म्हणजे पातं उंचवट्यावरून न जाता सपाटीवरून जातं. सगळं झालं की गालावरून उलटा फिरून कुठे खुंट राहिलेत तेही तोच सांगतो. आरशात जे दिसत नाही ते बोटांना कळतं.

लहानपणी अण्णा मला केस कापायला न्यायचे तेव्हा खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून मला तिच्यावर बसवायचे. माझं डोकं खाली दाबलेलं, त्यामुळे तिरक्या नजरेनं मला शेजारच्या खुर्चीतली दाढी दिसायची. सलूनवाले काका डाव्या अंगठ्यानं गिऱ्हाइकाचं गालफड असं ताणायचे की सुरकुतलेला म्हातारा क्षणभर तरुण दिसायचा. मग त्या ताणलेल्या जागेवरून वस्तरा खाली यायचा. वस्तऱ्यावरचा फेस ते वर्तमानपत्राच्या तुकड्याला पुसत, तो तुकडाही डाव्याच हातात. वस्तऱ्याला भ्यायचं असतं एवढं तेव्हा कळत होतं. त्या अंगठ्याचं महत्त्व कळायला अण्णांचं आजारपण यावं लागलं.

अण्णांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. उजवी बाजू गेली. पायात हळूहळू थोडं बळ आलं, वॉकर धरून ते बेसिनपर्यंत जायला लागले, पण उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडून राही. बोलणंही अडायचं. मनातला शब्द ओठांवर यायला वेळ लागे आणि कधी कधी भलताच शब्द यायचा, मग ते चिडून डोळे मिटून घेत. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. लोखंडाला हात लावून ते किती तापलंय आणि किती घासलंय ते सांगायचे. रोज सकाळी सहाला, चहाच्या आधी दाढी. सुट्टीच्या दिवशीही, लग्नाकार्याच्या दिवशीही, माझी आजी गेली त्या दिवसाचा अपवाद सोडला तर नेहमी. आजारपणात दाढी चार-पाच दिवस वाढली की त्यांचा चेहरा परका वाटायचा. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही वाटत असावा, कारण बेसिनपाशी गेले की ते नळाकडे बघत, आरशाकडे नाही.

डाव्या हातात रेझर घेऊन त्यांनी प्रयत्न केला. आम्ही सगळे झोपलेले असताना, कुणाला न सांगता. हनुवटीखाली कापलं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू होती, त्यामुळे ते थांबेना. तुरटीचा खडा लाल झाला, टॉवेल लाल झाला. मी धावत गेलो तेव्हा ते स्टुलावर शांत बसले होते आणि रेझर धुऊन, पुसून, जागेवर ठेवलेला होता. हत्यार जागेवर ठेवल्याशिवाय ते उठले नसते.

डॉक्टरांनी सांगितलं, पातं आता बंद. दाढीचं मशीन आणा. मी आणलं. ते चालू केल्यावर जो गुणगुणाट झाला तो ऐकून अण्णांनी पहिल्यांदा, झटक्यानंतर अगदी पहिल्यांदा, एखाद्या गोष्टीकडे कुतूहलानं पाहिलं. त्यांनी ते डाव्या हातात घेतलं, कानाशी नेलं, मग बंद करून वरची जाळी अंगठ्यानं उचकटली आणि आत डोकावले. "भिंग," ते म्हणाले. नीट, स्पष्ट, एका दमात. आईनं पोथी वाचायचं भिंग आणून दिलं.

त्या भिंगातून आम्ही दोघांनी जे पाहिलं, त्यानंतर या यंत्राचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडेना. हे कुणाला सुचलं, कसं सुचलं, आणि हातात मावेल असं व्हायला काय काय लागलं, ते मी शोधत गेलो. रोज संध्याकाळी अण्णांना थोडं थोडं सांगत गेलो. त्यांना गोष्टीपेक्षा यंत्रात रस होता. मला दोन्हीत.

मोटरवर चालणाऱ्या वस्तऱ्याचं पहिलं पेटंट अमेरिकेत १८९८ साली जॉन ओ'रूर्क यांनी घेतलं. पण दुकानातून घरी नेता येईल असं यंत्र बनायला पुढे तेहेतीस वर्षं गेली, आणि ते बनवलं जेकब शिक या माणसानं. १८७७ साली जन्मलेला हा माणूस अमेरिकेच्या सैन्यात होता. स्पेनबरोबरच्या युद्धात फिलिपाइन्सला गेला, पुन्हा एकदा तिथे पाठवला गेला, आणि तिथल्या दमट हवेत आमांशानं खिळखिळा झाला. डॉक्टरांनी थंड हवेत जायला सांगितलं म्हणून त्याची बदली अलास्कात झाली. तिथल्या बर्फाळ मुलखात सैन्याच्या तारा टाकण्याच्या कामावर तो होता. १९१०च्या सुमारास त्यानं सैन्य सोडलं आणि अलास्का व ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत खाणीच्या शोधात हिंडू लागला. तिथे त्याचा घोटा मुरगळला. हिवाळाभर एका जागी अडकून पडला. बाहेर उणे चाळीस. हा असा आकडा आहे की तिथे फॅरनहाइट आणि सेल्सिअस दोन्ही एक होतात, कुठल्याही मापानं मोजा.

अशा थंडीत दाढी म्हणजे आधी बर्फ वितळवा, मग पाणी तापवा, मग ते निवायच्या आत फेस करा, आणि ओला चेहरा घेऊन हवेत बसा. शिक सैनिकी शिस्तीत वाढलेला, दाढी वाढवणं त्याला मानवणारं नव्हतं. पाणी आणि साबण या दोन्हींना फाटा देणारं काहीतरी हवं, असं त्याला तिथे वाटलं. लंगडणाऱ्या पायानं शेकोटीशी बसून त्यानं आराखडे काढले. इतिहास सांगणारे सगळे थंडीचा उल्लेख करतात. माझ्या मते घोट्याचाही तेवढाच वाटा आहे. चालता येत असतं तर तो पुढच्या डोंगरावर गेला असता.

आपल्या भाषेनं या कल्पनेविषयी फार पूर्वीच निकाल देऊन ठेवला आहे. एखाद्याला चारचौघांत सोलून काढलं की आपण म्हणतो, त्याची बिनपाण्यानं केली. कोरड्या गालावर वस्तरा फिरवणं म्हणजे छळाची परिसीमा, हे इतकं उघड होतं की त्याचा वाक्प्रचार झाला. आणि ते खरंच आहे. दाढीचा केस पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो, मग पातं त्याला सहज कापतं. कोरडा केस तारेसारखा ताठ. पातं त्याला कापण्याआधी मुळापासून ओढतं, आणि ती ओढ डोळ्यात पाणी आणते. शिकसमोर हा प्रश्न होता, आणि नुसती मोटर लावून तो सुटणारा नव्हता. वस्तरा कितीही वेगानं हलवला तरी कोरड्यावर तो वस्तराच.

उत्तर कातरीत होतं. वस्तऱ्याला एकच धार असते, केस मागे सरकू नये म्हणून तो मऊ करावा लागतो. कातरीला दोन धारा, एक थांबलेली, एक हलणारी. केस दोघींमध्ये सापडला की त्याला पळायला जागा नाही. मऊ असण्याची गरज नाही, उलट ताठ असेल तर बरं, कारण ताठ केसच फटीत सरळ शिरतो, ओला केस वाकून बाजूला पडतो. पाण्याच्या वस्तऱ्याला जो केस नकोसा, तोच या यंत्राला हवासा. म्हणूनच मशीननं दाढी करणारी माणसं आधी चेहरा कोरडा करतात, काही जण पावडर लावतात. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ मान हलवली. पहिल्या दिवशी मी सवयीनं त्यांचा चेहरा गरम पाण्याच्या फडक्यानं पुसून काढला होता, आणि मशीन नुसतंच गालावरून फिरत होतं.

कातरीचं हे तत्त्व तेव्हा नवं नव्हतं. ऑस्ट्रेलियात फ्रेडरिक वूल्झली यांनी मेंढ्यांची लोकर कातरायचं यंत्र आधीच बनवलं होतं. १८८८ साली न्यू साउथ वेल्समधल्या डनलॉप इथल्या मेंढवाड्यात सगळा कळप यंत्रानं कातरला गेला. खाली दातेरी फणी, वर सरकणारी कातर, आणि ती हलवायला दूरच्या शाफ्टवरून आलेली लवचिक दांडी. आपल्याकडचे धनगर मेंढी मांडीखाली दाबून, एका हातानं लोकर उचलून दुसऱ्या हातानं कातर चालवताना मी पाहिले आहेत. तिथेही दुसरा हात आहेच. कातर चालते ती त्यानं जागा करून दिल्यावर.

शिकच्या पहिल्या आराखड्यात असंच लवचिक दांडीचं यंत्र होतं. मोटर एका बाजूला, कापणारं डोकं दुसऱ्या बाजूला, मधे वळणारी दांडी. त्या काळात छोटी म्हणजे केवढी, तर मोठ्या पपनसाएवढी मोटर. ती एका हातात धरायची आणि डोकं दुसऱ्या हातानं गालावर फिरवायचं. आराखडे त्यानं कारखानदारांकडे पाठवले. सगळ्यांनी परत केले.

मला वाटतं, त्यांनी बरोबर केलं. त्यांचं म्हणणं होतं की यंत्र अवजड आहे, आणि ते होतंच. पण खरी अडचण वजनाची नव्हती. मोटर धरायला एक हात गेला की कातडी ताणायला हात उरत नाही. आणि कोरड्या दाढीत कातडी ताणणं ओल्या दाढीपेक्षा जास्त गरजेचं असतं. साबणाच्या फेसावरून पातं घसरतं, एखादी वळी सांभाळून घेतं. फटीत शिरणारा केस मात्र उभाच असावा लागतो, आणि तो उभा राहतो कातडी ताणली की. शिकनं जे यंत्र काढलं होतं ते दोन्ही हात अडवून बसणारं होतं. जे करायला माणसाला तीन हात लागतात ते कुणी विकत घेणार नाही.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. शिक पुन्हा सैन्यात गेला आणि लेफ्टनंट कर्नल होऊन परतला. त्यानंतर त्यानं आधी एक वेगळाच रेझर काढला. रिपीटिंग रायफलीत काडतुसं जशी एकामागून एक आपोआप पुढे येतात, तशी पाती एका खोबणीत ठेवलेली, आणि बोट न लावता नवं पातं जागेवर सरकवता येईल अशी सोय. १९२०च्या दशकात तो बाजारात आला आणि चालला. शिकनं मग तो धंदा विकून टाकला आणि मिळालेला पैसा त्या जुन्या कोरड्या वस्तऱ्यात घातला. चालणारी गोष्ट विकून न चाललेल्या गोष्टीवर सगळं लावणारी माणसं मला फार जवळची वाटतात. अण्णांनीही एकदा बरी नोकरी सोडून स्वतःचं लेथ घेतलं होतं. ते दोन वर्षं चाललं. त्याविषयी घरात कुणी बोलत नाही, पण त्या दोन वर्षांतले अण्णा मी इतरवेळी कधी पाहिले नाहीत.

१३ मे १९३० रोजी शिकला पेटंट मिळालं. १८ मार्च १९३१ला न्यूयॉर्कमध्ये यंत्र विक्रीला आलं, किंमत २५ डॉलर. महामंदीचं दुसरं वर्ष, कामगाराची आठवड्याची कमाई साधारण तेवढीच. तरीही पहिल्या वर्षात तीन हजारांच्या आसपास यंत्रं खपली. यंत्र आता मुठीत मावत होतं. काळसर बेकेलाइटचं कवच, पोटात मोटर, एका टोकाला वायर, दुसऱ्या टोकाला कापणारं डोकं. एका हातात सगळं. दुसरा हात मोकळा.

हे एका वाक्यात लिहून झालं, पण मधली वीस वर्षं या एका वाक्यात गेली. मोटर लहान करायची तर तिची ताकद कमी होते. शिकच्या मोटरीला सुरू होण्यापुरतीही ताकद पुरत नसे, म्हणून कवचाच्या बाजूला एक छोटं चाक होतं. प्लग लावायचा आणि अंगठ्यानं ते चाक फिरवून द्यायचं, की मोटर पुढे आपली आपण चालायची. बैलगाडी चढावर अडली की चाकाला हात देतात तसा. मला हे चाक या सगळ्या यंत्रातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. पुढच्या मोटरी सुधारल्या आणि चाक गेलं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आपला डावा अंगठा हवेत फिरवून पाहिला. दोन-तीनदा. त्यांना ते चाक जाणवलं असावं.

मोटर गोल फिरते आणि कातर मागे-पुढे सरकते. गोल हालचालीची सरळ हालचाल करणं अण्णांच्या धंद्यात रोजचं. त्यामुळे त्यांना ते सांगावं लागलं नाही. त्यांनी आमच्या मशीनचं डोकं काढून आतली दांडी बोटानं हलवून मलाच दाखवलं, इकडे-तिकडे, इकडे-तिकडे.

पण त्यांचं सगळं लक्ष होतं ते भिंतीकडे. शिकच्या यंत्राच्या डोक्यात बाहेर एक स्थिर पट्टी होती, बारीक फटी पाडलेली. तिच्या आतून कातर सरकते. चेहऱ्याला लागते ती पट्टी, धार कधीच नाही. धार आणि कातडी यांच्यामध्ये आता एक भिंत उभी राहिली होती, आणि ही भिंत किती जाड असावी यावर सगळी दाढी अवलंबून. जाड केली तर तेवढे खुंट गालावर उरतात, कारण धार भिंतीच्या आत आहे. पातळ केली तर दाबानं वाकते आणि आतल्या कातरीला घासते. फटी रुंद केल्या तर मऊ कातडी त्यांतून आत फुगते आणि कापली जाते. अरुंद केल्या तर आडवे पडलेले केस आत शिरतच नाहीत. अण्णा अंगठा आणि तर्जनी जवळ आणून, मधे केवळ प्रकाशाची रेघ उरेल एवढी फट ठेवून, म्हणाले, "थाऊ." वर्कशॉपमध्ये इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात. दाढीचा केस साधारण पाच थाऊ जाड असतो. भिंत त्याहून पातळ असेल तरच गाल गुळगुळीत लागणार.

या भिंतीचा पुढचा अध्याय युरोपात घडला. १९३९ साली आइंडहोवेनच्या फिलिप्स कंपनीत अलेक्झांडर होरोविट्झ या अभियंत्यानं मागे-पुढे हालचाल सोडूनच दिली. मोटर गोल फिरते, तर कातरही गोल फिरू दे. लांबट, सिगारसारखं कवच, टोकाला एकच गोल डोकं, त्याला चाकाच्या आऱ्यांसारख्या फटी. त्यासाठी हातालाही नवी चाल शिकावी लागली, गालावर सरळ न जाता गोल गोल. ज्यांच्या दाढीचे केस एकाच दिशेनं उगवत नाहीत त्यांना ती चाल मानवली. माझ्या मानेवर दोन भोवरे आहेत, मला तिचं मोल कळतं.

आमच्या घरातलं मशीन दुसऱ्या कुळातलं, जाळीचं. फ्रँकफुर्टच्या मॅक्स ब्राउन यांनी १९५० साली जे यंत्र आणलं त्यात फटींच्या पट्टीऐवजी अतिशय पातळ, बारीक छिद्रांची धातूची जाळी होती. सपाट ठेवली तर ती बोट लावताच दबेल. पण कमानीसारखी वाकवून दोन्ही कडांना धरली की तीच जाळी दाब सहन करते. सपाट पत्रा लवतो, वाकवलेला पत्रा उभा राहतो, हे पन्हळीचा पत्रा घरावर टाकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. अण्णांनी भिंगातून ती कमान पाहिली आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. चांगलं काम पाहिलं की वर्कशॉपमध्ये काढायचे तो. तो आवाज मी बऱ्याच महिन्यांनी ऐकला.

शिक १९३७ साली कॅनडातल्या माँट्रियालमध्ये वारला. तोवर त्याची यंत्रं लाखोंनी खपली होती आणि इतर कंपन्याही त्या धंद्यात उतरल्या होत्या.

आता पुन्हा आमच्या बेसिनपाशी.

सुरुवातीला मी मशीन माझ्या हातात ठेवलं. वाटलं, आता अण्णांची दाढी मीच करायची. त्यांना स्टुलावर बसवायचो, डाव्या हातानं कातडी ताणायचो, उजव्या हातानं मशीन फिरवायचो. सलूनवाल्या काकांसारखा. चारेक दिवस त्यांनी करू दिलं. पाचव्या दिवशी मी मशीन चालू केलं आणि त्यांनी माझ्या हातातून ते काढून घेतलं. रागानं नाही. हत्यार आपल्या हातात घ्यायच्या सवयीनं. मग आरशात पाहून डाव्या गालावर लावलं.

डावा गाल त्यांनी एकट्यानं केला, आणि कसा ते मी थक्क होऊन पाहत राहिलो. मशीनसाठी हात गेला होता, ताणायला हात नव्हता. त्यांनी जीभ आतून गालाला लावली आणि गाल फुगवला. जीभ सरकेल तसं मशीन सरकत होतं. कल्ल्याजवळ जीभ पोचत नाही, तिथे त्यांनी मान उलट्या बाजूला वळवून कातडी आपोआप ताणली जाईल असं केलं. शिकचं यंत्र ज्या एका हातासाठी वीस वर्षं अडून बसलं होतं, तो हात अण्णांनी तोंडाच्या आतून शोधून काढला होता.

उजव्या गालाशी मात्र ते थांबले. त्या बाजूची जीभ, तो गाल, ओठाचा तो कोपरा, सगळं सैल. गाल फुगेना. कातडी मशीनबरोबर पुढे जायची आणि सुरकुतीत केस दडायचे. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग मशीन गालापासून थोडं दूर धरलं, चालूच, आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांच्या मागे उभा होतो. डाव्या हाताची दोन बोटं त्यांच्या कानाजवळ टेकवली आणि कातडी वर ओढली. त्या कातडीचा स्पर्श मला अजून नीट सांगता येत नाही. ती माझ्या बोटांखालून सरकली, हाडापासून अलगद, जणू तिचं त्या चेहऱ्याशी असलेलं नातं सैल होत चाललं होतं. मी कमी ओढली होती. त्यांनी मान हलवली. आणखी ओढली. त्यांनी मशीन लावलं आणि जाळीखाली केस तुटल्याचा तो बारीक करकर आवाज सुरू झाला. हनुवटीच्या कडेपाशी आल्यावर त्यांनी माझ्या मनगटावर मशीनच्या मागच्या टोकानं हलकेच टोकलं. म्हणजे खाली. मी बोटं खाली नेली. मग पुन्हा टोकलं. म्हणजे बाजूला. कुणी शब्द बोलला नाही, शब्दांची गरजही नव्हती. लेथवर मदतनीस पोऱ्याला ते असंच सांगत असणार, चाळीस वर्षं, त्या घरघराटात.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला, चहाच्या आधी, आम्ही दोघे बेसिनपाशी असतो. मी आधी लवकर उठत नसे. आता उठतो. दाढी झाली की अण्णा मशीनचं डोकं उघडतात आणि वर्तमानपत्रावर टोकतात. राखाडी भुकटी पडते, चिमूटभर, पिठासारखी. पाण्यानं दाढी केली की केस फेसाबरोबर वाहून जातात, ते कधी दिसत नाहीत. इथे दिवसाचा हिशेब कागदावर पडतो. अण्णा तो कागद नीट दुमडून केराच्या डब्यात टाकतात, बारीक ब्रशनं डोकं झाडतात, तीन आठवड्यांनी एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडतात. सगळं डाव्या हातानं. पहिल्यापेक्षा हळू, पण सफाईनं.

आणि सगळ्यांत शेवटी तपासणी. मशीन जागेवर ठेवून ते डावा तळहात आधी डाव्या गालावरून फिरवतात, मग गळ्याखालून, मग उजव्या गालावर, जिथे त्यांना स्वतःला स्पर्श कमीच जाणवतो, पण हाताला जाणवतो. कुठे एखादा खुंट लागला तर मान हलवतात आणि मशीन पुन्हा चालू होतं.

गेल्या रविवारी असंच झालं. गाल झाले, गळा झाला, उजवी बाजू दोनदा झाली. त्यांनी तळहात फिरवून पाहिला, समाधान झालं. मग स्टुलावर वळून बसले, तोच हात वर केला आणि माझ्या गालावरून उलटा फिरवला, जबड्यापासून कानापर्यंत. रविवार म्हणून मी दाढी केली नव्हती. त्यांनी मान हलवली आणि मशीन माझ्याकडे सरकवलं.